दोन चकत्या

२०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या नेमबाजीच्या रेंजवर पालकांची रीघ लागली. त्यांतच भुदरगडकडची चौदा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. क्लबच्या एअर रायफलचा दस्ता मी तिच्या मापाचा करून दिला: दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवल्यावर तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सहज यावे, हे आमचे ढोबळ माप. दहा गोळ्यांत ती शंभराच्या आसपास जाऊ लागली.

दिवाळीनंतर तिचे शूटिंग जॅकेट आले आणि गुण पंचाण्णवपर्यंत घसरले. गोळ्या कधी वर, कधी खाली. तीन आठवडे मी तिच्या ट्रिगरलाच दोष देत राहिलो. अखेर ऊसबिलाच्या पैशांतून अॅल्युमिनियमचा स्टॉक, म्हणजे नवा दस्ता, घ्यावा का, असे वडिलांनी विचारले. त्यांच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि तिच्या साध्या लाकडी दस्त्याला फिरवायचा एकही स्क्रू नसताना इथे एवढे स्क्रू कशाला, हा त्यांचा रास्त प्रश्न होता. रानात बंदूक झटकन खांद्याला लावून एकच बार काढायचा असतो, म्हणून तिचा दस्ता हलका आणि मागे उतरता असतो. इथे मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायच्या असल्याने गाल प्रत्येक वेळी त्याच जागी टेकावा लागतो, असे मी त्यांना सांगितले.

सांगता सांगताच मला शंका आली. मी मुलीला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला, गाल सैल टेकवायला आणि मग डोळे उघडायला सांगितले. नेम धरायच्या मागच्या छिद्रातून तिला काहीच नीट दिसेना. मान पुढे ताणली तेव्हाच पुढची-मागची वर्तुळे जुळली. दस्त्याचे माप मी साध्या शर्टावर घेतले होते आणि जॅकेटचा खांद्यावरचा जाड थर रायफल तेवढीच पुढे ढकलत होता. ताणलेली मान थकली की गालाचा दाब बदले आणि डोळा छिद्राच्या मध्यातून सरके. ही चूक सर्वस्वी माझी होती आणि मी ती दोघांसमोर कबूल केली.

मग बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी दस्त्याची पट्टी, तिच्यामागच्या लांबी वाढवणाऱ्या दोन चकत्या काढल्या, बटप्लेट किंचित खाली घेतली, म्हणजे डोके वाकण्याऐवजी रायफलच वर आली, आणि गाल टेकवायचा चीकपीस नव्याने बसवला. त्या संध्याकाळी तिची दहा गोळ्यांची शेवटची मालिका ९९.६ ची झाली. चमत्कार नव्हे, पण गोळ्या एकत्र आल्या होत्या. नव्या स्टॉकची खरेदी अर्थातच लांबली. निघताना वडिलांनी त्या दोन चकत्या मागून घेऊन रुमालात बांधल्या. पोर वाढती आहे, वर्षभरात पुन्हा लागतील, असे ते म्हणाले.