पाठीवर नाव नसलेली जर्सी

शनिवार, १४ मार्च

गुरुवारी पाडवा. त्याआधी घर आवरायचं हा आमच्या आईचा शिरस्ता मिशिगनमध्येही चालू आहे, फक्त माळ्याच्या जागी बेसमेंट आलं. आज दुपारी जुन्या खोक्यांत हात घातला आणि तळाशी अमेरिकन फुटबॉलची निळी जर्सी सापडली. पुढेमागे पिवळ्या अक्षरात १६. पाठीवर नाव नाही.

लेक शेजारीच होता. तेरा वर्षांचा आहे, म्हणजे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात फोनवर मिळतं अशी त्याची पक्की समजूत.

"ही कुणाची?"

"डेनार्ड रॉबिन्सन. मिशिगन युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक." म्हणजे बॉल हातात घेऊन टीमचा खेळ चालवणारा, पास फेकणारा गडी.

फोन निघाला. अंगठा सरकला. निकाल लागला. "बाबा, हा तर एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक नव्हताच. ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत गेला, जॅक्सनविलनं बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक केला. म्हणजे बस्ट ना?" एनएफएल ही व्यावसायिक लीग, ड्राफ्ट ही तिची कॉलेजांतून खेळाडू निवडायची पद्धत, आणि बस्ट म्हणजे फुसका बार.

मला जो राग आला तो वयाला शोभणारा नव्हता. काही न बोलता जर्सी घडी करून बाजूला ठेवली आणि ख्रिसमसच्या दिव्यांचा गुंता सोडवत बसलो. पण डोक्यातून जाईना, म्हणून आता रात्री लिहायला घेतलंय.

मी ॲन आर्बरला, मिशिगन युनिव्हर्सिटीत, एमएस करायला आलो तो २००७ च्या ऑगस्टमध्ये. दोन आठवड्यांत, १ सप्टेंबरला, सीझनचा पहिला सामना. रूममेटकडे एक तिकीट जास्तीचं होतं. समोरची टीम कोण, तर अ‍ॅपलेशियन स्टेट, नॉर्थ कॅरोलायनातल्या बून नावाच्या डोंगराळ गावातलं कॉलेज, खालच्या विभागातलं. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. सगळे म्हणाले, हा नुसता सराव आहे, दुपारपर्यंत घरी. मी काळा टी-शर्ट घालून गेलो. पाहुण्यांचा रंग काळा आणि सोनेरी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लाखाहून जास्त माणसांच्या त्या कढईत माझ्याकडे बघून दोघातिघांनी भुवया उंचावल्या, त्याचा अर्थ मला संध्याकाळी कळला.

खेळ कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. नवख्या माणसाची पहिली अडचण नियम नसते, बॉल कुठे गेला हे दिसत नाही ही असते. अकरा आणि अकरा धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात, ढीग होतो, शिट्टी वाजते, आणि बॉल भलतीकडूनच निघतो. तासाभरानं मी एक युक्ती काढली. पाहुण्यांचा १४ नंबरचा एक शिडशिडीत पोरगा होता. माझ्या आजूबाजूचे सगळे त्यालाच शिव्या घालत होते, तेव्हा बॉल त्याच्याचकडे असणार. मग मी फक्त त्यालाच बघायला लागलो. तो मागे सरकायचा, दोन माणसं अंगावर यायची, आणि हा गर्दीच्या लोकलमध्ये दारातून आत शिरावं तसा खांदा तिरका करून निसटायचा. निसटून झाल्यावर, धावता धावता, शांतपणे बॉल फेकायचा.

त्याचं नाव अरमांटी एडवर्ड्स. मिशिगन हरलं, ३४-३२. शेवटची सहा सेकंद उरली असताना मिशिगनची किक अडवली गेली आणि ते स्टेडियम जे गप्प झालं, तसली शांतता मी त्याआधी फक्त दहावीच्या पेपरला अनुभवली होती. शेजारचे म्हातारे गृहस्थ बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी बसायची उशी काखोटीला मारली, माझ्या काळ्या टी-शर्टाकडे पाहिलं आणि माझं अभिनंदन केलं. मी ते स्वीकारलं. काय करणार?

म्हणजे ज्या टीमसाठी मी आता अठरा-एकोणीस वर्षं जीव टाकतोय, तिच्यातला कुणी नव्हे, तर तिला हरवणारा पोरगा हा माझा पहिला आवडता क्वार्टरबॅक. बायकोला हे लग्नानंतर बऱ्याच उशिरा सांगितलं.

एडवर्ड्सचं पुढे काय झालं? एनएफएलच्या कॅरोलायना पँथर्सनी २०१० मध्ये तिसऱ्या फेरीत घेतला आणि क्वार्टरबॅक राहू दिला नाही. उंची कमी, बांधा बारीक, तू पास झेलायला शीक. पुढे तो कॅनडात गेला आणि टोरांटोकडून २०१७ चा ग्रे कप, तिथल्या लीगचं विजेतेपद, जिंकला, पण पास झेलणारा म्हणूनच.

रविवार, १५ मार्च

सकाळी अण्णांशी व्हिडिओ कॉल. तिकडे संध्याकाळ, चहा संपलेला, दिवेलागण. नातवानं आजोबांपुढे जर्सी धरली आणि कालची तक्रार केली, की बाबा एका फ्लॉप माणसासाठी रागावले.

अण्णा बारा वर्षांपूर्वी इथे सहा महिने राहून गेले. त्यांना मी दोन-तीन सामने टीव्हीवर दाखवले होते. क्वार्टरबॅक म्हणजे काय हे समजावताना माझी दमछाक झाली होती. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं, समोरून सेंटर दोन पायांच्या मधून बॉल मागे देतो, तो ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक, त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात पाच जणांपैकी कोण मोकळा आहे ते हेरायचं. अण्णांनी मध्येच थांबवलं. "म्हणजे कबड्डीच, पण उलटी. इथे एकावर बाकीचे चढाई करतात." यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

त्यांना सर्वांत आवडला होता तो डेनार्डचाच प्रकार, झोन रीड म्हणतात तो. समोरच्या फळीतल्या टोकाच्या गड्याला मुद्दाम कुणी अडवायचंच नाही. क्वार्टरबॅकनं बॉल शेजारच्या रनिंग बॅकच्या पोटाशी धरायचा, सोडायचा नाही, आणि त्या मोकाट गड्याकडे बघत राहायचं. तो आत धावला, की बॉल काढून घेऊन स्वतः बाहेरून पळायचं. तो जागीच थांबला, की बॉल देऊन टाकायचा. सगळा खेळ पापणी लवायच्या आत. मी यूट्यूबवर लावून दिलं आणि अण्णा पुनःपुन्हा म्हणत होते, "बघ, हूल. परत हूल. आणि तो फसतोच!"

आता तेच अण्णा नातवाला विचारत होते, "पॅडी शिवलकर माहितेय?"

नाही, अर्थातच.

मग पुढची दहा मिनिटं मी फक्त फोन धरून उभा. शिवलकरांच्या ५८९ प्रथम श्रेणी विकेट. १९७३ ची रणजी फायनल चेपॉकला, तामिळनाडूच्या घरात, एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५. आणि भारताकडून कसोटी? एकही नाही, कारण डावखुऱ्या फिरकीत तो काळ बेदीचा होता. अण्णांनी त्यांना शिवाजी पार्कला नेटमध्ये बघितलं होतं, बँकेतून सुटल्यावर, उभं राहून. "तू तुझ्या त्या फोनमध्ये बघ. शून्य कसोटी लिहिलेलं असेल. मग ते बस्ट का?"

लेक म्हणाला, "क्रिकेट वेगळं असतं, आजोबा."

अण्णा गप्प झाले नाहीत. अमोल मुजुमदारवर आले. शारदाश्रमचा तो सामना, तेंडुलकर-कांबळीची ६६४ ची भागीदारी, आणि पुढच्या नंबरवरचा अमोल पॅड बांधून बसलेला तो बसलेलाच. मग मुंबईकडून पदार्पणात २६०. पुढे अकरा हजारांवर धावा. भारताकडून तोही कधी नाही. "आणि गेल्या नोव्हेंबरात आपल्या पोरींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा कोच कोण होता?" एवढं बोलून त्यांनी समाधानानं चष्मा काढून पुसला. मला वाटतं तेवढ्यात आईनं हाक मारली, नाहीतर गाडी अशाच कसोटी न मिळालेल्या राजिंदर गोयलपर्यंत जाणार होती.

खरं सांगायचं तर अण्णांचा मुद्दा माझा मुद्दा नव्हे. शिवलकर आणि मुजुमदार यांच्यावर अन्याय झाला असं आपण म्हणतो. वरची पायरी त्यांना मिळायला हवी होती. डेनार्डच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. त्याच्या पासांवर एनएफएलमध्ये निभाव लागला नसता, हे मलाही दिसत होतं. २०११ मध्ये तर तो पुढचामागचा विचार न करता गर्दीत बॉल भिरकावून द्यायचा. माझं म्हणणं एवढंच, की कॉलेज ही पायरी कशाला समजायची? त्या पोरानं जे केलं ते तिथेच केलं, तिथेच पुरं झालं.

काय केलं? फ्लोरिडातून आलेला, बुटांच्या नाड्या कधीच न बांधणारा हा मुलगा. त्याचं टोपणनावच शूलेस. २००९ चा पहिलाच सामना, पहिलाच स्नॅप, म्हणजे सेंटरनं मागे दिलेला बॉल, हातातून निसटून जमिनीवर. तो वाकला, उचलला, आणि त्रेचाळीस यार्ड पळत जाऊन थेट समोरच्या टोकाला, टचडाउन. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि मंदीत ती टिकेल की नाही या धास्तीत होतो. त्या एका पळण्यानं माझा आठवडा निघाला. २०१० मध्ये साऊथ बेंडला नोत्र दाम युनिव्हर्सिटीविरुद्ध एकट्यानं ५०२ यार्ड, निम्मे पळून आणि निम्मे फेकून. त्या सीझनमध्ये पळून १७०० च्या वर.

आणि मग १० सप्टेंबर २०११. मिशिगन स्टेडियममधला पहिला रात्रीचा सामना, पुन्हा नोत्र दाम, १,१४,८०४ माणसं, त्यांत मी आणि नवीकोरी बायको. तिला लग्न होऊन इथे येऊन पाच महिने झाले होते. तीन क्वार्टर संपले तेव्हा आम्ही २४-७ नं मागे. ती थंडीनं आणि कंटाळ्यानं म्हणाली, निघूया का? मी म्हटलं, दहा मिनिटं. नोत्र दामनं ३० सेकंद राहिली असताना ३१-२८ केलं. मग डेनार्डनं पास झेलणाऱ्या गॅलनला शोधलं, चौसष्ट यार्ड, आणि दोन सेकंद उरली असताना कोपऱ्यात राउंडट्रीकडे बॉल टाकला. ३५-३१. पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईनं माझ्या बायकोला मिठी मारून गदागदा हलवलं. पार्किंगमधून बाहेर पडायला दीड तास लागला. गाडीत ती म्हणाली, "ते शेवटचं परत सांग, तो मोकळा कसा राहिला?" आमच्या संसारात मी ती रात्र बरीच वर जमेस धरतो. जर्सी दुसऱ्या दिवशी घेतली.

बुधवार, १८ मार्च

उद्याची तयारी. श्रीखंडाचा चक्का टांगलाय, कडुनिंब इंडियन ग्रोसरीत संपला म्हणे. गुढीला जर्सी बांधूया असं लेकानं सुचवलं, पिवळा-निळा रंग छान दिसेल म्हणून. त्याच्या आईनं एका नजरेत तो प्रस्ताव निकालात काढला.

पण त्यानं आज वेगळाच प्रश्न विचारला: पाठीवर नाव का नाही?

हे मात्र त्याच्या फोननं सांगितलं नव्हतं. तेव्हा कॉलेजच्या खेळाडूला दमडी घेता येत नसे. शिष्यवृत्ती तेवढी. दुकानात जर्सी विकायच्या तर त्यावर नाव टाकायचं नाही, नुसता आकडा, म्हणजे ती कुणा एकाची नाही असं म्हणता येतं. १६ नंबर शहरभर दिसायचा, तो कुणाचा हे शेंबड्या पोरालाही कळायचं, आणि त्यातला एक डॉलरही त्या पोराला मिळत नव्हता. २०२१ पासून नियम बदलले. आता खेळाडू आपलं नाव विकू शकतात, गेल्या वर्षापासून तर कॉलेजं थेट पैसे देतात. जुन्या लोकांना ते खटकतं. मला पैशांचं काही खटकत नाही, चोरी होती ती. मला त्रास होतो तो दरवर्षी टीम बदलण्याचा. चेहरा ओळखीचा होईतो पोरगा तिसऱ्या कॉलेजात. मात्र हेही लिहिलं पाहिजे, की बदलायची सोय नसती तर क्वार्टरबॅक जो बरो आमच्या कट्टर वैरी ओहायो स्टेटच्या बाकावरच बसून राहिला असता. तो लुइझियाना स्टेटला गेला, २०१९ मध्ये ६० टचडाउन पास टाकले, पंधराच्या पंधरा सामने जिंकले, आणि हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, घेताना आपल्या गावाकडच्या उपाशी पोरांबद्दल बोलला. ओहायो स्टेटच्या माणसाबद्दल चांगलं बोलणं आमच्या घरात निषिद्ध आहे, पण तो तिथून निघून गेला होता, तेव्हा चालतं.

लेकाला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचं नाव मात्र पाठ. २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ वा, सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या सात फायनल जिंकलेला. मी विचारलं, तो मिशिगनला असताना कसा होता माहितेय? १९९९ मध्ये कोचनं त्याला आणि ड्रू हेन्सनला आलटूनपालटून खेळवलं, पहिला क्वार्टर हा, दुसरा तो, मग ज्याचा हात चालतोय त्याला उरलेला सामना. गावाला हेन्सन हवा होता, तो जवळच्या ब्रायटनचा. ड्राफ्टमध्ये ब्रेडीच्या छत्तीस नंबर आधी टी मार्टिन गेला, टेनेसीचा. त्याच्या आधीचा टेनेसीचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला जे कधी जमलं नाही ते त्यानं मॅनिंग गेल्याच्या पुढच्याच सीझनला केलं, राष्ट्रीय विजेतेपद. आज ते टेनेसीबाहेर कुणाला आठवतं?

"मला आता आठवेल," लेक म्हणाला. खवचटपणे म्हणाला की मनापासून, कळलं नाही.

मग मी त्याला २०१२ चा नोव्हेंबर सांगितला. डेनार्डच्या उजव्या कोपरातली नस दुखावलेली, बॉल नीट धरता येईना, फेकणं तर बंदच. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आयोवाशी. तेव्हाही त्याच्या अंगावर १६ च होता. क्वार्टरबॅकच्या जागेवर दुसराच उभा, आणि हा बाजूला, मागे, कुठेही, जिथे उभा करतील तिथे. बॉल हातात आला की पळत होता. फेकता येत नाही हे समोरच्या अकराही जणांना माहीत असताना.

रात्री झोपायला गेलो तर लेक ती जर्सी घालून झोपलेला. गुडघ्यापर्यंत येते त्याला. मला आता ती पोटावर बसत नाही. खाली दाराशी त्याचे बूट पडले होते, नाड्या तशाच सुटलेल्या. त्या नेहमीच सुटलेल्या असतात, आणि रोज सकाळी त्यावरून मी त्याला ओरडतो.