बागेत नऊवारी पैठणीचं शूट: जरी, हिरवा उजेड आणि नथ

नऊवारीतल्या मॉडेलचं बागेत शूट करायचं ठरलं की पहिली चर्चा जागेची होते. कुठली बाग, कुठलं झाड, पायऱ्या आहेत का. मी आधी साडी बघायला मागवते. रंग, काठ, जरी खरी की प्लास्टिकची, पदर किती भरलेला, हे हातात घेऊन पाहिल्याशिवाय ना वेळ ठरवता येते ना जागा. गर्द हिरवी पैठणी झाडीपुढे उभी केली की चेहरा आणि काठ तेवढे उरतात, बाकी अंग पानांत विरून जातं. तिला काळ्या दगडाची भिंत, कोरडी माती किंवा वाळलेलं पिवळं गवत लागतं. जांभळी, राणी, मोरपंखी या रंगांना झाडी चालते. धूपछाव असेल तर उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून मॉडेल थोडी वळली तरी साडीचा रंग बदलतो. अशी साडी खिडकीशी धरून मोबाइलवर समोरून आणि दोन्ही कडांनी फोटो काढून ठेवते. ज्याने साडी दिली त्याला नेमका कोणता रंग दिसायला हवा, हे तेव्हाच विचारून घेते. येवल्याच्या विणकराला किंवा दुकानदाराला हा प्रश्न फार आवडतो आणि तो उत्तरही नेमकं देतो.

मग परवानगी. नाशिक महापालिकेच्या बागेत मोठा कॅमेरा, स्टँड आणि रिफ्लेक्टर (उजेड परतवून चेहऱ्यावर टाकणारा पडदा) घेऊन गेलात तर रखवालदार अडवणारच, आणि त्याचं बरोबर असतं. महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनातल्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्यायचा: तारीख, वेळ, किती माणसं, कसलं सामान, शूट जाहिरातीसाठी आहे की घरगुती. शुल्क तिथेच विचारायचं, पावती घ्यायची आणि छापील प्रत सोबत ठेवायची. पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान महापालिकेचं नाही, वन विकास महामंडळाचं आहे. वर लेण्यांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारावं लागतं. एकाच टेकडीवर दोन ठिकाणी फोटो काढायचे मनात असेल तर दोन दारं ठोठवावी लागतात. मॉडेलकडून फोटो कुठे वापरणार याची लेखी संमतीही आधीच घ्यायची. शूट झाल्यावर मागितली की अवघडलेपण येतं.

वेळेचा माझा ठोकताळा सावलीवर आहे. जमिनीवर पडलेली माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दुपटीहून लांब आहे तोवर उजेड चेहऱ्यावर कडेने येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार साठत नाही. नाशकात डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि ही स्थिती साधारण सव्वानऊपर्यंत टिकते. दुपारी पावणेचारनंतर पुन्हा मिळते. मे महिन्यात हेच सकाळी आठला संपतं, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. म्हणून बागेतल्या नऊवारीसाठी मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरते. फक्त दवाचं भान ठेवावं लागतं. गोदाकाठच्या बागांत गवत साडेआठपर्यंत ओलं असतं, आणि रेशमावर पाण्याचा डाग पडला की सुकल्यावर त्याची कडा दिसते. पहिला तास फरशीच्या वाटेवर काढायचा, गवतावर नंतर उतरायचं.

बागेत कपडे बदलायला धड जागा नसते. मॉडेल घरूनच नेसून, मेकअप करून येते. नेसवायला पाऊण तास लागतो, मेकअप आणि केसांना दीड, म्हणजे साडेसातला पहिला फोटो हवा तर पहाटे पाचला सुरुवात. शिवलेली नऊवारी लवकर होते, पण बसल्यावर आणि पाय पुढे टाकल्यावर तिच्या निऱ्या एका जागी गोठल्यासारख्या दिसतात. जवळच्या फोटोत फरक कळतो. नेसवणाऱ्या काकूंना सोबत आणावंच. कासोटा दर पंधरा-वीस मिनिटांनी सैल होतो आणि तो नीट खोचणं हे माझं किंवा माझ्या मदतनिसाचं काम नव्हे. मॉडेललाही सोबत ओळखीची बाई असली की मोकळं वाटतं. पिशवीत सेफ्टी पिना, यू पिना, टिपकागद, पाणी प्यायला स्ट्रॉ, जुनी पांढरी चादर आणि डासांचं मलम. मोगरा थंडीत मिळणं अवघड, तेव्हा गजऱ्याला अबोली किंवा शेवंती घ्यायची, ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची आणि शेवटी माळायची.

आता उजेड. बागेतला उजेड दिसतो त्याहून जास्त हिरवा असतो. लॉनवर ऊन पडलं की खालून हिरवा प्रकाश उसळतो आणि हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला, मानेवर बसतो. डोळ्याला जाणवत नाही, फोटोत चेहरा आजारी दिसतो. दाट झाडाखाली पानांतून गाळून येणारा उजेडही तसाच. एडिटिंगमध्ये सगळ्या फोटोचा हिरवा काढला की साडी गुलाबी होते, म्हणून तो जागेवरच मारायचा. मॉडेलला लॉनवर उभं न करता मुरुमाच्या किंवा फरशीच्या वाटेवर उभं करते. लाल मुरुमावरून येणारा उजेड त्वचेला छान ऊब देतो. गवतच हवं असेल तर तिच्या समोर, फ्रेमच्या जरा खाली, पांढरी चादर पसरते. चादर स्वस्त आहे आणि तिच्याइतका फरक फार कमी गोष्टींनी पडतो.

सर्वांत खात्रीची जागा म्हणजे झाडाच्या सावलीची कड. मॉडेल सावलीत, पण कडेपासून हात-दीड हात आत, तोंड मोकळ्या आकाशाकडे. खोल सावलीत शिरलं की डोळ्यांतली चमक जाते. पानांतून उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडत असतील तर ती जागा सोडून द्यायची. कवडसे साडीवर खपतात, गालावर नाही. तिच्या मागची झाडी किमान पाच-सहा मीटर दूर हवी, नाहीतर पानं टोकदार दिसतात आणि पदरावरच्या मोरांशी भांडतात.

महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत, आणि नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर. म्हणजे दाखवण्यासारखं बहुतेक सगळं तिच्या डाव्या बाजूला. सूर्य तिच्या उजव्या खांद्यामागे ठेवायचा, त्याने खोप्याला आणि खांद्याला सोनेरी कड मिळते. आणि रिफ्लेक्टर डाव्या बाजूला, पुढून, छातीच्या उंचीवर. चेहरा थोडा तिच्या उजवीकडे वळवला की डावा गाल आणि नथ कॅमेऱ्याकडे येते. उलट वळवला तर नथ नाकाआड जाते. याच कारणाने एडिटिंगमध्ये फोटो आडवा उलटवू नये. पदर उजव्या खांद्यावर आलेला जाणत्या बाईला पहिल्या नजरेत कळतो.

रिफ्लेक्टर ४२ इंची पाच-रंगी पुरतो. त्यातली पांढरी बाजू वापरा. चंदेरी बाजू दूर धरली तर ठीक, जवळून मॉडेलचे डोळे मिटतात. सोनेरी बाजू पैठणीसाठी काढूच नये: चेहरा हळदीसारखा होतो आणि जरी व त्वचा एकाच रंगाच्या दिसू लागतात, जरीचं वेगळेपण मरतं. पांढरा रिफ्लेक्टर नसेल तर एक इंची थर्माकोलची शीट उत्तम चालते, फक्त वाऱ्यात दोघांनी धरावी लागते.

जरीवर कॅमेरा फसतो. काठ आणि पदर उन्हात आले की तिथला उजेड चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. ऑटोवर ठेवलं तर जरी पांढरी फट्ट होते आणि विणकराने महिनोन्‌महिने बसून काढलेली नक्षी गेली ती गेली. मी मॅन्युअलवर, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये), जरीचं मोजमाप धरून एक्स्पोजर लावते. हायलाइटची उघडझाप, म्हणजे जास्त उजळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय, चालू ठेवते. जरीच्या दोन-चार ठिणग्या लुकलुकल्या तर चालतं, अख्खा पट्टा लुकलुकला की एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). मग चेहरा काळवंडतो, तो रिफ्लेक्टरने वर आणायचा. क्रम हाच ठेवायचा: आधी जरी, मग चेहरा. सावलीच्या कडेला माझी सुरुवात आयएसओ २००, एफ/२.८, १/२५० सेकंद अशी असते आणि तिथून पुढे हलते. लाल आणि राणी रंगात आणखी एक खोट निघते. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दाखवतो, पण एकटा लाल चॅनेल भरून वाहत असतो आणि रेशमाचा पोत सपाट, रंग ओतल्यासारखा होतो. तेव्हा तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघायचा.

पोलरायझर फिल्टर बागेत जरूर लावा. पानांवरची पांढुरकी चकाकी उतरते, हिरवा गडद होतो, घामाची चमकही कमी होते. धातूवरून परतणारा उजेड मात्र त्याने फारसा अडत नाही, म्हणून खऱ्या जरीची झळाळी टिकते. किंमत म्हणून एक ते दीड स्टॉप उजेड जातो. पण फिरवताना नजर साडीवरही ठेवा: रेशमाची चमक पूर्ण मारली तर पैठणी सुती दिसते. अर्धवट फिरवून थांबायचं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर नको. झाडी जास्त आली की तो एकीकडे, जांभळा पदर जास्त आला की दुसरीकडे ओढतो. प्रत्येक जागेवर मॉडेलच्या हातात ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) देऊन एक फोटो काढायचा. जागा बदलली, ढग आला, की पुन्हा.

लेन्स मुख्यतः ८५ एमएम. आणि इथे नथीचं गणित समजून घ्यावं लागतं. चेहऱ्याच्या जवळच्या फोटोत, साधारण १.२ मीटरवरून, एफ/१.८ ला, म्हणजे लेन्स खूप उघडी असताना, जेमतेम दोन सेंटिमीटर खोलीच नीट दिसते. नथ डोळ्याच्या पुढे असते त्याहून जास्त. म्हणजे डोळा टिपला तर नथीचे मोती धूसर आणि नथ टिपली तर डोळा गेला. एफ/५.६ ला साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास मिळतात, दोन्ही वाचतात. पार्श्वभूमी दूर असेल तर ती एफ/५.६ लाही पुरेशी विरते. चापाची नथ दर काही मिनिटांनी फिरते, मोती वर येतात, आकडा खाली. त्यावर एका माणसाने लक्ष ठेवावं.

पूर्ण उंचीच्या फोटोला कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणायचा. डोळ्याच्या उंचीवरून काढला की पाय आखूड दिसतात आणि नऊवारीची सारी ऐट पायांत आहे. एक पाय अर्धं पाऊल पुढे, वजन मागच्या पायावर, पैंजण आणि जोडवी दिसतील असे. मी सूचना लहान ठेवते: "ताई, मान नको, नुसती नजर इकडे." "हनुवटी पुढे, मग जरा खाली." "हात कमरेवर, पण बोटं मिटून नको." भरजरी पदर वाऱ्यावर उडत नाही, तो जड असतो, मदतनिसाला तो फेकायला सांगून वेळ जातो. त्याऐवजी मॉडेलला पाठमोरी उभी करून खांद्यावरून वळायला सांगते, १/८०० वर सलग फोटो घेते. निऱ्या आणि पदराचं टोक आपोआप हलतं, कासोटाही दिसतो.

बारीक विणीच्या साडीवर कधी कधी पाण्यासारखे रंगीत तरंग उठतात. स्क्रीनवर मोठं करून बघायचं, आणि दिसले तर एक पाऊल मागे किंवा कोन थोडा बदलून पुन्हा घ्यायचं. नंतर ते काढणं फार वेळखाऊ आहे.

द्राक्षबागेत शूट करायची हौस नाशकात बऱ्याच जणांना असते. मांडवाखालचा उजेड खरंच सुंदर असतो. शेतकरी दादांना एकच विचारा, फवारणी कधी झाली. बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे) निळे डाग रेशमावरून निघत नाहीत, आणि औषध अंगाला लागणं त्याहून वाईट.

घरी आल्यावर एडिटिंगमध्ये मी चेहऱ्याचा हिरवटपणा मास्क लावूनच, म्हणजे तेवढाच भाग निवडून, काढते, अख्ख्या फोटोला हात लावत नाही. झाडीचा हिरवा थोडा पिवळ्याकडे सरकवून त्याची तीव्रता कमी करते, त्याने साडी पुढे येते. साडीचा रंग मात्र पहिल्या दिवशी खिडकीशी काढलेल्या मोबाइल फोटोंशी आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष साडीशी ताडून बघते. साडी परत देताना काठाला दव लागलंय का ते तपासायचं, लागलं असेल तर सावलीत सुकवून, मलमलीच्या कापडात सैल घडी घालून द्यायची. पिना मोजून काढायच्या. रेशमात राहिलेली एक पीन गंजून भोक पाडते.