बारकीचा फुटबॉल आणि माझे तीन रविवार

३० नोव्हेंबर २०२५, रविवार, रात्रीचे साडेअकरा.

बारकी झोपली, तिचे पप्पा झोपले, भाचा आतल्या खोलीत टेस्ट पेपर सोडवत बसलाय आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून हे लिहायलेय, कारण गेले तीन आठवडे डोक्यात एकच चालू होतं आणि ते आज संध्याकाळी ठरलं. बारकीला फुटबॉलला कुठं घालायचं. पुढच्या महिन्यात सात पूर्ण होतील तिला. एवढ्याशा लेकराच्या खेळाचं काय एवढं असं घरात सगळ्यांना वाटायलं, मला तसं वाटत नाही.

सुरुवात जुलैत झाली. आपल्या बायकांच्या टीमनं थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवलं आणि एशियन कपला गेल्या, त्याचे गोल पप्पांच्या मोबाईलवर हिनं बघितले, एकदा नाही, पंचवीस वेळा तरी. त्या दिवसापासून घरातली एकही गोष्ट पायाशिवाय हलत नाही. रिकामी बाटली, लिंबू, सासूबाईंचा लोकरीचा गुंडा. पार्किंगमधे पोरं क्रिकेट खेळायलेली असतात तर ही त्यांचा टेनिस बॉल पायानं पळवायची, मग पोरं ओरडायची, मग ही रडत वर यायची. दिवाळीच्या सुट्टीत म्हणली, मम्मी मला माझी टीम पाहिजे. टीम पाहिजे म्हणली, बॉल पाहिजे नाही म्हणली, हे मला लक्षात राहिलं.

आता लातुरात टीम कुठं बघायची. कोल्हापुरात राहिलो असतो तर प्रश्नच नव्हता, तिथं पेठेपेठेत तालमींच्या टीम आहेत, २०१७ चा सतरा वर्षाखालचा वर्ल्डकप खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. आपल्याकडं कबड्डी, खो-खो, कुस्ती नाहीतर क्रिकेट. सासूबाई म्हणल्या, "खो-खोला घाल की, मुलींचं नाव त्यात होतंय." त्यांचं चुकीचं नाही, शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार खो-खोवरच मिळाला, पेपरातला तिचा फोटो सासूबाईंनी कापून ठेवला होता. मी बारकीला विचारलं पण. ती म्हणली खो-खोत बॉल नसतो.

मग चौकशी सुरू केली आणि तीन जागा निघाल्या. पहिली रिंगरोडकडची अकॅडमी, हिरवं टर्फ, लाईटी, भिंतीवर ट्रॉफ्यांचं कपाट, महिन्याला अडीच हजार आणि किटचे वेगळे तीन हजार. दुसरी तिच्या शाळेतलीच टीम, फी नाही, शाळा सुटल्यावर पाऊण तास. तिसरी एका मुरमाच्या मैदानावर एक तरुण सर आणि त्यांची बहीण मिळून घेतात ती बॅच, महिन्याला सहाशे.

पैशाचं आधी लिहून टाकते. यंदा सप्टेंबरच्या पावसानं गावाकडचं सोयाबीन पाण्यात गेलं, काढायलासुद्धा आत जाता आलं नाही, तिकडून दरवर्षी जे येतं ते यंदा येणार नाही. म्हणजे अडीच हजार जड होते. तरी मी ठरवलं होतं की आधी बघायचं, पैशावरून आधीच नाही म्हणायचं नाही, नाहीतर जन्मभर वाटत राहील की परवडलं नाही म्हणून लेकराला कमी ठिकाणी घातलं.

पहिल्या रविवारी अकॅडमीत गेलो, मी, बारकी आणि भाचा. भाचा म्हणजे नणंदेचा मुलगा, औशाजवळच्या गावचा, नीटसाठी आमच्याकडं राहतो, यंदा दुसरा अटेम्प्ट. रविवारची टेस्ट दुपारी संपते, मग मीच म्हणलं चल, दोन तास डोळ्याला पुस्तकाशिवाय काहीतरी दिसूदे.

तिथं सगळं झकपक. बारकीच्या तर डोळ्यात मावेना. आठ वर्षाखालच्या पोरांची मॅच चालू होती, एका बाजूला नऊ नऊ पोरं, आणि ट्रायल म्हणून हिलापण वीस मिनिटं आत सोडलं. मी बाकड्यावर बसले होते आणि पहिली पाच मिनिटं मला फार छान वाटलं, मग हळूहळू कळायलं की ही नुसती पळायलीय. बॉल एका उंच पोराकडं जायचा, तो चौघांना चुकवून गोल मारायचा, सगळे टाळ्या वाजवायचे, परत बॉल त्याच्याकडंच. सरपण ओरडायचे, "त्याला द्या, त्याला द्या!" भाच्याच्या खिशात टेस्टचा पेपर होता, त्याच्या पाठीमागं तो पेनानं रेघा मारत बसला होता. मी म्हणलं काय करायलास. म्हणला, "मामी, कोण किती वेळा बॉलला पाय लावतंय ते मोजायलोय." दहा मिनिटात त्या उंच पोराच्या झाल्या एकतीस. बारकीच्या तीन. त्यातली एक बॉल तिच्या नडगीला लागून बाहेर गेला ती.

नंतर सर म्हणले मुलगी चपळ आहे पण बारीक आहे, आता बी टीममधे राहील, मॅचला जागा झाली तर घेऊ, वर्षभरानं बघू. बारीक असणारच ना. फुटबॉलमधे वयाचा गट १ जानेवारीपासून धरतात, ही डिसेंबरातली, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं पोरगं हिच्यापेक्षा जवळजवळ एक वर्षानं मोठं असून एकाच गटात. तीस वर्षाच्या माणसाला एक वर्ष काही नाही, पण सहा-सात वर्षाच्या लेकराच्या आयुष्याचा तो सातवा हिस्सा झाला. घरी आल्यावर याच्यावर वाचलं, १९८५ सालीच कॅनडात आईस हॉकीच्या खेळाडूंचे वाढदिवस तपासले होते, वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेलेच जास्त निघाले. लहानपणी ते अंगानं मोठे असतात म्हणून निवडले जातात, निवडले गेले म्हणून जास्त खेळायला मिळतं, जास्त खेळले म्हणून खरंच चांगले होतात. आणि डिसेंबरवाले बाकड्यावर. हे वाचून त्या रात्री मला झोप नाही आली, कारण ते सर वाईट माणूस नव्हते, त्यांना समोर जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं.

बारकीचे पप्पा म्हणले, "तिथंच घालू, ओढाताण करू पण जिंकणाऱ्या टीममधे राहूदे, जिंकायची सवय लागली पाहिजे." मी म्हणलं बाकड्यावर बसून कशाची सवय लागंल. त्यांना मी नॉर्वेचं सांगितलं. तिथं दहा वर्षापर्यंतच्या पोरांच्या स्पर्धांचे निकाल नाहीत, पॉइंट टेबल नाही, कोण पहिलं कोण शेवटचं काही लावत नाहीत. गोल मारण्यात जगभर नाव असलेला हालंड त्याच देशात खेळत मोठा झाला, आणि याच महिन्यात नॉर्वेच्या टीमनं इटलीला इटलीत ४-१ हरवलं आणि १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्डकपला गेले. पप्पा गप्प बसले, पटलं म्हणाले नाहीत. आपल्या गावात शिशुवर्गापासून नंबर मोजतात, लातूर पॅटर्न म्हणून आख्ख्या मराठवाड्यातनं लेकरं इथं येतात, नंबर न मोजता काही शिकता येतं हेच पटायला वेळ लागतो. मलाही लागला.

शाळेच्या टीमचं थोडक्यात. तिथं दुसरी ते सातवी सगळे एकत्र आणि मोठ्यांचाच ५ नंबरचा बॉल, चारशे दहा ते साडेचारशे ग्रॅमचा. आमची बारकी १९ किलोची. आणि सरांनी लेकरांना लाईनीत उभं करून वरनं बॉल टाकत हेडर, म्हणजे डोक्यानं बॉल, मारायला लावलं. मी जाऊन विचारलं तर म्हणले काही होत नाही ताई, डोकं मजबूत होतं. अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्ष आणि त्याखालच्या पोरांना हेडिंग बंद केलंय, इंग्लंडमधे २०२० पासून प्राथमिकच्या वयाच्या पोरांच्या सरावातनं काढून टाकलंय. मी भांडले नाही, त्या सरांकडं शंभर पोरं आहेत आणि ते एकटे. पण तिला तिथं ठेवायचं नाही हे त्याच क्षणी ठरलं.

मुरमाच्या मैदानावर आज गेलो. मन आधीच थोडं खट्टू होतं माझं, कारण जागा बघून काही वाटत नाही. सप्टेंबरच्या पावसात एका बाजूचा मुरूम वाहून खालची काळी माती वर आलीय, आता वाळून तिला भेगा पडल्यात, तेवढ्या भागाला सरांनी चुना टाकून पोरांना बंद केलंय. गवत नाहीच. लातुरात मैदानाला गवत कुठून आणायचं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून आम्ही प्यालोय, त्या वर्षी पाण्याचीच चिंता होती सगळ्यांना, गवताला पाणी मारा म्हणायची माझी तर जीभच उचलत नाही.

पण मग बघत बसले. चोवीस-पंचवीस लेकरं, त्यात सात मुली. मोठं मैदान चार तुकड्यात तोडलेलं, प्रत्येक तुकड्यात दोन विटांचे गोल आणि तीन इकडं तीन तिकडं. गोलकीपर नाही. बॉल ३ नंबरचे, छोटे, हलके. दर पाच मिनिटाला सर शिट्टी मारायचे आणि जोड्या बदलायच्या, म्हणजे जे पोरगं लय भारी होतं तेपण थोड्या वेळानं दुसऱ्याच दोघांबरोबर. कुणी बाहेर बसलेलं नव्हतं. मी मुद्दाम शोधलं, बाहेर बसलेलं एक लेकरू दिसतंय का. एक होतं, ते बुटाची नाडी बांधायलं होतं.

सर ओरडत नव्हते असं नाही, ओरडत होते, पण "वर बघ! वर बघ!" एवढंच. बॉल कुणाला द्यायचा ते सांगत नव्हते. एका पोरीनं स्वतःच्याच गोलमधे मारला तर त्यांची बहीण म्हणली, "किक मस्त होती, आता तिकडं तोंड करून मार." पोरगी वळली आणि परत पळाली.

भाच्यानं परत रेघा मारल्या. दहा मिनिटात बारकीच्या बावीस. सगळ्यात जास्त वाल्याच्या अठ्ठावीस. त्यानं तो कागद माझ्या हातात दिला आणि काहीच बोलला नाही, बऱ्याच वेळानं म्हणला, "मामी, मी सातवी-आठवीत दोन वर्ष कबड्डीच्या टीममधे होतो, एक्स्ट्रा. बारा जणांत नाव असायचं, सात जण खेळायचे. तालुक्याला चार मॅचला गेलो, एकदापण आत नाही सोडलं. टॉवेल आणि पाणी धरायचो." मला माहीतच नव्हतं. नणंद नेहमी सांगायची की त्याला खेळाची आवड राहिली नाही, अभ्यासाकडं वळला. मी त्याच्याकडं बघितलं तर तो बारकीकडंच बघायला होता. तो कागद मी जपून ठेवलाय, पुढच्या बाजूला बायोलॉजीचे प्रश्न आहेत.

बाकी ज्या गोष्टी बघायच्या त्या बघून घेतल्या. कडेला मोठ्या पोरांसाठी एक लोखंडी गोलपोस्ट आहे, ती धरून मी जोर लावून हलवली, कारण मोकळी गोलपोस्ट लेकरं लोंबकळली की अंगावर पडते, आणि ते वजन लहान नसतं. जमिनीत पक्की गाडलेली निघाली. प्रथमोपचाराची पेटी उघडून बघितली, बँडेज आणि बर्फाचा थर्मास दोन्ही होतं. मुलींसाठी संडास शेजारच्या मंगल कार्यालयाचा, किल्ली सरांच्या बहिणीकडं, आणि मुलीबरोबर त्या स्वतः जातात. उन्हाळ्यात काय करता म्हणून विचारलं तर म्हणल्या एप्रिल-मेमधे सकाळी सहा ते सात, त्यानंतर एक मिनिट नाही, आणि दर दहा मिनिटाला पाणी. मॅच विचारल्या. वर्षातनं दोन-तीनदा दुसऱ्या गावच्या पोरांना बोलावतात, सगळे खेळतात, ट्रॉफी नाही, शेवटी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू.

मी विचारलं, मग हुशार पोरगं असेल तर त्याचं नुकसान नाही का होत. सर थोडा वेळ गप्प राहिले. म्हणले, "होऊ शकतं ताई. दहा-अकराव्या वर्षी जर मला दिसलं की हिला माझ्यापेक्षा जास्त पाहिजे तर मीच तुम्हाला सांगेन की संभाजीनगरला न्या नाहीतर पुण्याला न्या. आत्ता मला सातव्या वर्षी काही दिसत नाही, आणि ज्यांना दिसतं म्हणतात त्यांनापण दिसत नसतं." हे ऐकून मी पर्समधनं पैसे काढले.

टर्फची हुरहूर थोडी आहे, खोटं कशाला लिहू. बारकीनं येताना रिक्षात विचारलं, "तिथं लाईटी का नाहीत मम्मी?" मी म्हणलं अंधार पडायच्या आत संपतं म्हणून. तिनं ते मान्य केलं. मग पायावरचा मुरूम खरवडत म्हणली उद्या पण जायचं का. उद्या नाही, मंगळवारी, आठवड्यात तीनच दिवस. घर येईपर्यंत तोंड फुगवून बसली.

गंजगोलाईजवळच्या दुकानातनं नडगीला बांधायचे शिनगार्ड आणलेत, ते नियमानं लागतातच, सगळ्यात लहान साईज घेतली तरी गुडघ्याला टेकायले. सासूबाईंनी मापं बघितली, काही न बोलता मोज्याचं इलास्टिक उसवलं आणि दुहेरी टाके घालून घट्ट करून दिलं. लोकरीचं एक कानटोपडंपण काढून ठेवलंय त्यांनी, संध्याकाळी गार वारं सुटायलं म्हणून. ते घालून फुटबॉल खेळता येतो का ते मंगळवारी सरांना विचारावं लागंल.

भाचा म्हणला मंगळवारी त्याचा फिजिक्सचा क्लास साडेपाचला सुटतो, तिथनं मैदान जवळ पडतं, तो येताना तिला घेऊन येईल. मी म्हणलं तुझा अभ्यास. म्हणला अर्धा तास लवकर पोचलो तर सर मलापण घेतील का खेळायला, विचारून बघता का मामी.

पावणेबारा झाले. सकाळी डबे आहेत तीन.