व्हिएन्नातला रविवार: अकराची मिस्सा आणि तिच्याभोवती फिरलेलं शहर

सप्टेंबरच्या शेवटी मी, नवरा आणि माझी आई असे तिघं चार दिवस व्हिएन्नाला जाऊन आलो. आई निघतानाच म्हणाली होती, "बाकी काय दाखवायचं ते दाखव, पण रविवारची मिस्सा चुकवायची नाही." मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. म्हणून सगळा प्लॅन रविवारपासून सुरू केला, आणि आता वाटतं की तसं केलं नसतं तर व्हिएन्ना अर्धीच बघून परत आलो असतो. तिथे रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे बरेच जण तो दिवस काढून आसपासच्या गावांना जातात. तुम्ही चर्चला जाणारे असाल तर असं अजिबात करू नका.

आम्ही गेलो ऑगस्टिनरकिर्शेमध्ये. हे हॉफबुर्ग राजवाड्याला लागूनच असलेलं चौदाव्या शतकातलं चर्च, ऑस्ट्रियावर राज्य केलेल्या हाब्सबुर्ग घराण्याचं. त्या घराण्यातली राणी मारिया थेरेसा हिचं लग्न 1736 मध्ये इथेच लागलं आणि सम्राट फ्रान्झ जोसेफ आणि एलिझाबेथचं 1854 मध्ये. बाहेरून इतकं साधं दिसतं की नवरा दारावरून पुढेच निघून गेला होता. रविवारी सकाळी 11 वाजता इथे मोठी मिस्सा असते, कॉयर म्हणजे गायकवृंद आणि पूर्ण ऑर्केस्ट्रासकट, आणि हायडन, मोझार्ट, शुबर्ट यांनी मिस्सेसाठी जे संगीत लिहिलं ते ज्यासाठी लिहिलं त्याच जागी, म्हणजे खऱ्या मिस्सेत गायलं जातं. तिकीट नाही, कुणीही जाऊन बसावं, मध्ये दानासाठी टोपली फिरते तेव्हा मन मोकळं करून टाका कारण एवढे वादक आणि गाणारे उभे करायला खर्च येतोच. कुठल्या रविवारी कुणाचं संगीत आहे ते आधी जाहीर होतं, आणि सुट्टीच्या काळात ऑर्केस्ट्रा असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी एकदा बघून घ्या.

आम्ही साडेदहाला पोचलो तरी पुढचे बाक भरलेले होते, मधे जागा मिळाली. आत शिरताना दाराजवळच्या रॅकमधून गोटेसलोब नावाचं जाड पुस्तक उचलायचं, ते तिथलं गाण्यांचं आणि प्रार्थनेचं पुस्तक, आणि भिंतीवरच्या पाटीवर नंबर लागतात तो काढून लोकांबरोबर म्हणायचं. जर्मन येत नसलं तरी अक्षरं वाचता येतात, दुसऱ्या कडव्यापर्यंत चाल बसते. आईला नंबर सापडत नव्हता तर शेजारच्या एक वयस्कर बाईंनी स्वतःचं उघडलेलं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि ओळीखाली बोट धरून ठेवलं. त्या बाईंच्या हातात करड्या रंगाचा लोकरीचा हातमोजा होता, एकाच हातात, दुसरा मांडीवर काढून ठेवलेला, आणि मिस्सेत शेजाऱ्यांशी हात मिळवून शांती द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो एकसुद्धा काढला आणि मग आईचा हात दोन्ही हातांत धरला.

त्या दिवशी शुबर्टची 'जी मेजर' या स्वरपट्टीतली मिस्सा होती. ही त्याने 1815 मध्ये लिहिली तेव्हा तो फक्त 18 वर्षांचा होता. कॉयर आणि ऑर्केस्ट्रा मागे वर माडीवर बसतो त्यामुळे बाकावरून कुणीच दिसत नाही, नुसता आवाज डोक्यावरून पुढे वेदीकडे जातो, आणि मला हे फार बरोबर वाटलं. काही पर्यटक सारखे मागे वळून मोबाईल वर धरत होते, प्लीज तसं करू नका, आजूबाजूला लोक गुडघे टेकून प्रार्थना करत असतात. क्यरिए, ग्लोरिया, सांक्तुस, आग्नुस देई हे मिस्सेचे ठरलेले भाग लॅटिनमध्ये गायले जातात, त्यामुळे मिस्सा कुठे पोचली ते कळत राहतं. प्रवचन काही समजलं नाही, तेव्हा आम्ही आधीच मोबाईलवर वाचून ठेवलेलं त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूबद्दलचा उतारा, मनात घोळवत बसलो, हा उपाय खरंच चांगला आहे. प्रभूची प्रार्थना सगळे जर्मनमध्ये म्हणत होते आणि आई आपली मराठीत, हळू पण स्पष्ट, आणि दोन्ही आमेनला जवळजवळ एकदमच पोचले. मला तिथे रडू आलं.

कॅथलिक नसाल तरी मिस्सेला जरूर बसा, फक्त ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या वेळी रांगेत न जाता बाकावरच थांबा. सगळं मिळून दीड तास धरा. इंग्रजीच हवी असेल तर वोटिफकिर्शे या चर्चमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या कॅथलिकांची मिस्सा असते, पण आम्हाला ऑगस्टिनर सोडवलं नाही.

मिस्सा संपल्यावर लगेच बाहेर पळू नका. आत शिल्पकार कानोव्हाने केलेलं मारिया थेरेसाच्या मुलीचं, मारिया क्रिस्टीनाचं स्मारक आहे, 1805 चं, पांढरा संगमरवरी पिरॅमिड आणि त्याच्या काळोख्या दारात चढत जाणारी माणसं, त्यात एक म्हातारा आंधळा आहे त्याला हात धरून नेतायत, आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. याच चर्चमध्ये हाब्सबुर्गांची हृदयं चांदीच्या कलशांत ठेवलीयत, एकूण 54. ती जागा मिस्सेनंतर गाईडबरोबर दाखवतात, तिथेच चौकशी करायची.

आता इथून पुढचा रूट मी सगळ्यांना सुचवेन कारण सगळं चालत होतं. हृदयं ऑगस्टिनरमध्ये, शरीरं पाच मिनिटांवर कापुझिनरग्रुफ्ट या राजघराण्याच्या दफनघरात आणि आतडी स्टेफान्सडोम या शहराच्या मुख्य कॅथेड्रलच्या तळघरात, अशी त्या घराण्याची पद्धत होती. कापुझिनरग्रुफ्टमध्ये मारिया थेरेसा आणि तिच्या नवऱ्याची एकत्र प्रचंड शवपेटी आहे, वर दोघं पुनरुत्थानाच्या दिवशी उठून एकमेकांकडे बघतायत असे पुतळे, आणि त्याच्यासमोरच त्यांच्या मुलाची, सम्राट दुसऱ्या जोसेफची, अगदी साधी तांब्याची पेटी, काहीही नक्षी नसलेली. हा फरक फोटोत कळत नाही, तिथे उभं राहूनच बघायला हवा. आत गार असतं, स्वेटर जवळ ठेवा.

स्टेफान्सडोमचा दक्षिण टॉवर 136 मीटरचा आहे, 343 पायऱ्या, अरुंद आणि गोल गोल. गुडघे दुखत असतील तर उत्तर टॉवरला लिफ्ट आहे, आई आणि मी तिने गेलो. तिथेच पुमेरिन ही 20 टनांची घंटा आहे. जुनी घंटा 1711 मध्ये तुर्कांच्या तोफा वितळवून केलेली, ती एप्रिल 1945 च्या आगीत खाली पडून फुटली आणि 1951 मध्ये तिच्याच तुकड्यांचा धातू वापरून नवी ओतली. मोठ्या सणांनाच वाजते, आम्हाला ऐकायला मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी शोनब्रुन केलं. राजवाडा सुंदर आहे पण गर्दी फार, वेळ ठरवलेलं तिकीट आधीच काढा नाहीतर सकाळ रांगेत जाते. त्यापेक्षा कार्ल्सकिर्शेला जास्त वेळ द्या असं माझं मत, 1713 च्या प्लेगमध्ये सम्राटाने नवस बोलला होता त्याचं हे चर्च, 1737 मध्ये पूर्ण झालं. बघायला जायचं तर तिकीट आहे.

बारीकसारीक: कागदी तिकीट मेट्रोत शिरण्याआधी छोट्या मशिनमध्ये घालून शिक्का मारायचा, आम्ही पहिल्या दिवशी विसरलो आणि एका मुलाने वेळेवर सांगितलं म्हणून दंड वाचला. रविवारचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवा, अडलंच तर मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केटं उघडी असतात. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं आणि चवीला खूप छान आहे. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्यात.

निघायच्या दिवशी आईने परत स्टेफान्सडोमला न्यायला सांगितलं. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी 6 ला उघडतं, आम्ही साडेसहाला आत होतो. टूरचे ग्रुप यायच्या आधीची ही वेळ गाठाच. आत शिरल्यावर उजव्या हाताला पवित्र मरियेचं पोएच गावाहून 1697 मध्ये आणलेलं चित्र आहे, त्या भागात जायला तिकीट लागत नाही. समोर मेणबत्त्यांच्या रांगा, आणि ऑफिसला निघालेली माणसं बॅग खांद्यावर तशीच ठेवून मिनिटभर थांबत होती. आईने एक मेणबत्ती आमच्यासाठी लावली आणि एक त्या हातमोजावाल्या बाईंसाठी.