एक मार्काचा प्रश्न

हिमनदीचा कडा कोसळायला लागला आणि नववीच्या वर्गात शिट्ट्या पडल्या.

मला वाटलं होतं, पोरं सुन्न होतील. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा झालो होतो. 'चेसिंग आइस' हा 2012 सालचा माहितीपट. जेम्स बॅलॉग या छायाचित्रकाराने 2007पासून हिमनद्यांसमोर कॅमेरे रोवले, ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढत राहणारे. ते फोटो सलग पळवले की हिमनदी मागे सरकताना दिसते. पण सगळ्यात गाजला तो ग्रीनलंडमधल्या इलुलिसाटचा प्रसंग. 28 मे 2008 रोजी त्याचे दोन सहकारी तिथे कॅमेरे लावून बसलेले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत 75 मिनिटं हिमनदी कोसळत राहिली. 7.4 घन किलोमीटर बर्फ. निवेदन इंग्रजीत, त्यामुळे दर दोन मिनिटांनी मी सिनेमा थांबवतो, मराठीत सांगतो आणि पुढे जातो. पोरं वैतागतात, पण इलाज नाही.

"सर, किती लाद्या निघतील हो त्यात?" मागच्या बाकावरून आवाज आला.

आमची शाळा रायगडच्या किनाऱ्यावर. निम्मी मुलं बंदरावरची. बर्फ म्हणजे त्यांच्या लेखी कारखान्यातून येणारी लादी, जी फोडून बोटीत भरतात. ती नसेल तर म्हावरं कुजतं. मी रागवायच्या बेतात होतो, पण प्रश्न बरा वाटला. म्हटलं, ये फळ्यावर, काढ. लादी शंभर किलोची धरली, बर्फाची घनता पुस्तकातून घेतली. शून्यं मोजताना तो दोनदा चुकला, मीही एकदा चुकलो. उत्तर आलं सुमारे 6,800 कोटी लाद्या. आपल्या बंदराला रोज शंभर लागतात असं धरलं तर साडेअठरा लाख वर्षं पुरतील. या वेळी शिट्टी कोणी वाजवली नाही.

मग मी नेहमीप्रमाणे सिनेमा त्या ठरलेल्या जागी थांबवला. पडद्यावर खाडीभर तरंगणारे हिमनग. गेली दोन वर्षं मी याच जागी थांबत आलोय आणि एकच वाक्य म्हणत आलोय. तेच म्हटलं, "हा एवढा बर्फ वितळला की समुद्राचं पाणी वाढणार."

दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. वडिलांची बोट आहे, स्वतः फारसं बोलत नाही. "सर, तो तर पाण्यातच आहे ना? मग वाढेल कसं?"

"अगं, वितळल्यावर पाणी होणार ना त्याचं."

"हो, पण आमच्या मासळीच्या पेटीत बर्फ तरंगत असतो. सकाळपर्यंत विरघळतो. काठोकाठ असली तरी पेटी उतू जात नाही."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आर्किमिडीजचं तत्त्व याच मुलांना आठवीत मीच शिकवलेलं. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. बर्फ वितळून जेवढं पाणी होतं तेवढीच जागा त्याने आधीच अडवलेली असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त तो आठवीचा धडा आणि हा पडदा माझ्या डोक्यात कधी एकत्र आले नव्हते. कडा कोसळतानाचा तो आवाज ऐकला की माणूस हिशेब करायचं विसरतो. निदान मी विसरलो.

"उद्या लादी आणता येईल?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने गोणपाटात गुंडाळून पाव लादी आणली. दोन सारखी चंचुपात्रं घेतली. एकात पाणी आणि तरंगता बर्फ. दुसऱ्यात पाण्याच्या वर डोकं काढणारा दगड आणि त्या दगडावर तेवढाच बर्फ. पातळीवर मार्करने रेघा मारल्या. मग वाट पाहणं आलं, आणि बर्फ वितळण्याची वाट पाहणाऱ्या चाळीस पोरांना गप्प ठेवणं हे कुठल्याही हिमनदीपेक्षा अवघड आहे.

पहिल्या पात्रात पाणी रेघेवरच राहिलं. दुसऱ्यात बोटभर चढलं.

"म्हणजे सिनेमा खोटा?" लादीवाला गणितज्ञ.

सिनेमा खोटा नव्हता, माझं वाक्य चुकीचं होतं. हे तसंच सांगितलं. पण मुलीचं समाधान झालं नव्हतं. "सर, तो कडा कोसळायच्या आधी कुठल्या पात्रात होता?" मग मी उरलेला एक तुकडा दगडावर ठेवला, रेघ मारली आणि बोटाने ढकलून पाण्यात पाडला. पाणी त्याच क्षणी चढलं. वितळायची वाटच पाहावी लागली नाही. जमिनीवर टेकलेला बर्फ समुद्रात उतरतो तेव्हाच पातळी वाढते; नंतर तो तरंगत विरघळला काय किंवा नाही काय, हिशेब आधीच झालेला असतो. (समुद्राचं पाणी खारं, बर्फ गोडा, त्यामुळे अगदी किंचित फरक पडतो, पण तो नववीला नको म्हटलं.)

शिट्टीवाल्यांपैकी एकाने आणखी एक नेमका प्रश्न विचारला: हिमनद्या पूर्वी कोसळत नव्हत्या का? कोसळत होत्या. समुद्रापर्यंत पोहोचलेली हिमनदी तुटतेच, तो तिचा स्वभाव. एका कोसळण्याने काही सिद्ध होत नाही. सिनेमातच त्याचं उत्तर आहे, पण ते दोन आकड्यांत येतं आणि निघून जातं: विसाव्या शतकाच्या शंभर वर्षांत ही हिमनदी सुमारे 8 मैल मागे हटली, आणि नंतरच्या दहा वर्षांत 9 मैल. 75 मिनिटांचा गडगडाट लक्षात राहतो, हे दोन आकडे राहत नाहीत. मी ते फळ्यावर मोठे लिहून आठवडाभर पुसू दिले नाहीत.

आता एवढं झालंच होतं, म्हणून तिसरा प्रयोगही केला. चंबूत काठोकाठ पाणी, पोटॅशियम परमँगनेट टाकून जांभळं केलेलं, बुचातून बारीक काचनळी. चंबू गरम पाण्यात ठेवला. नळीतलं पाणी आधी जरासं खाली गेलं, कारण काच आधी प्रसरण पावते, आणि मग चढायला लागलं. यात बर्फ नाहीच. 1971 ते 2018 या काळात जगभर समुद्र जेवढा चढला, त्यातला 50 टक्के वाटा नुसत्या पाणी तापून फुगण्याचा आहे, असं आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, अहवाल सांगतो. पर्वतांवरच्या हिमनद्यांचा 22, ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या हिमस्तरांचा 20. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा कॅमेऱ्याला दिसतच नाही. पाणी फुगतं याचा कोण सिनेमा काढणार?

"मग समुद्र चढला हे मोजतात कुठे?" मुंबईला अपोलो बंदरात, 1878पासूनच्या नोंदी आहेत, असं सांगितल्यावर वर्गाला बरं वाटलं. ग्रीनलंडपेक्षा ते जवळ होतं.

पण लगेच, "सर, आमचे सुरू पण समुद्र तापल्यानेच पडले ना?" 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. या मुलांनी घरांवरचे पत्रे उडताना पाहिलेत, सुरूची झाडं आडवी झालेली पाहिलीत. हो म्हणणं सोपं होतं आणि वर्ग तेच ऐकायला बसला होता. मी म्हटलं, अरबी समुद्र तापतोय हे खरं, तापलेला समुद्र वादळाला बळ देतो हेही खरं. पण ते एक वादळ, ते एक झाड त्यानेच पडलं असं मी सांगू शकत नाही. किनारा खचतो तो वाळूच्या उपशामुळेही. मुलं थोडी हिरमुसली.

त्या रात्री मला लंडनचा खटला आठवला. 2007 साली अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा हवामानबदलावरचा माहितीपट इंग्लंडच्या शाळांना पाठवण्याविरुद्ध एक जण न्यायालयात गेला होता. न्यायाधीशांनी सिनेमा दाखवायला परवानगी दिली, गाभा शास्त्राला धरून आहे असंही म्हटलं, पण नऊ मुद्द्यांवर बोट ठेवलं आणि शिक्षकांसाठी टिपण सोबत असलंच पाहिजे असं सांगितलं. नऊपैकी एक मुद्दा समुद्र लवकरच 20 फूट चढेल असं सुचवण्याचा होता. वाचलं तेव्हा मला ते कोर्टाने कीस पाडणं वाटलं होतं.

आधीच्या दोन्ही बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी लिहिलं, की तरंगता हिमनग वितळल्याने पातळी वाढते असं मी शिकवलं होतं, ते चूक आहे. खाली प्रयोगाचा फोटो टाकला. हा प्रश्न मी दोन्ही वर्षी घटक चाचणीत घातला होता, रिकामी जागा भरा, एक मार्क. बरेच अंगठे आले. मग सध्या अकरावीत असलेल्या एका मुलाचं उत्तर आलं:

"सर, मी 'तेवढीच राहते' लिहिलं होतं. तुम्ही मार्क कापलात."