क्लबचं मैदान

आज वारा आडवा होता, तरी बाल्साचं (हलक्या लाकडाचं) रिमोटवरचं शिकाऊ मॉडेल विमान अलगद उतरलं. नंतर शेडमध्ये गप्पा रंगल्या त्या मात्र कायद्याच्या. इथे अमेरिकेत हौशी मॉडेल विमानांना नियमांतून असलेली जुनी सूट २०१८ मध्ये गेली, पाठोपाठ रिमोट आयडी आलं, म्हणजे विमानाने उडताना आपली ओळख आणि ठिकाण रेडिओवरून कळवत राहायचं. २५० ग्रॅमहून जड विमान त्याशिवाय उडवायचं तर एफएएने (तिथल्या सरकारी विमान-वाहतूक खात्याने) मान्य केलेली जागाच हवी. त्या मान्यतेसाठीचा अर्ज एकट्यादुकट्याला करता येत नाही. एएमएसारखी मॉडेल विमानवाल्यांची संघटना किंवा शिक्षणसंस्थाच करू शकते. त्यामुळे आमच्या सेक्रेटरींच्या हातात हल्ली गोंदापेक्षा कागदच जास्त. त्यांचं खरंच कौतुक वाटतं! वर्गणी कशाला म्हणणाऱ्यांनो, मैदान त्यातूनच टिकतंय. शनिवारी नवीन मुलांना शिकवणार आहोत, जवळ असाल तर घेऊन या.