३.८ वर तिसरा स्ट्रँड फुटला

कास्टरवरून (पातळ पोलाद सतत ओतून घट्ट करणारं यंत्र) निघालेलं लालबुंद बिलेट, म्हणजे पोलादाचा चौकोनी दांडा, थेट रोलिंग मिलमध्ये घातलं की रिहीटिंग फर्नेसचं इंधन वाचतं, स्केलमध्ये (तापल्यावर सुटणाऱ्या गंजाच्या पापुद्र्यात) जाणारं टक्काभर पोलादही वाचतं. जालन्यातल्या सळई कारखानदारांना हे गणित तोंडपाठ आहे. पण बिलेट मिलच्या तोंडाशी ९५० अंशांच्या वर पोचायला हवं. त्यासाठी आमच्या शिफ्टला १२५ मिलिमीटर चौरस बिलेटचा कास्टिंगचा वेग मिनिटाला ३ मीटरवरून ४ वर न्यायचा होता.

ओपन कास्टिंगमध्ये (उघड्या धारेने ओतताना) किती पोलाद येणार ते टंडिशच्या, म्हणजे साच्यांवरच्या पोलादाच्या कुंडाच्या, नोझलचं भोक ठरवतं. म्हणून आधी मोठ्या भोकाचे नोझल बसवले. स्ट्रँडमागे (एका साच्यातून उतरणाऱ्या बिलेटच्या रांगेमागे) मिनिटाला साधारण ३५० ऐवजी ४७० किलो. हे बिलेट गाभ्यापर्यंत घट्ट व्हायला पाच मिनिटं लागतात, म्हणजे ४ च्या वेगाला आत २० मीटरपर्यंत पातळ पोलाद. आमची शिअर (बिलेट कापणारी कात्री) त्याच्या पुढे होती, ती काळजी नव्हती.

३.८ ला तिसरा स्ट्रँड मोल्डच्या (पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या साच्याच्या) खालीच फुटला, कवच फाटून पातळ पोलाद बाहेर आलं. लाँडर (धार बाजूला नेणारी पन्हळ) नोझलखाली ओढून धार वळवली, मोल्डचं पाणी चालू ठेवलं, आणि मोल्डखालच्या, बिलेटवर पाणी मारणाऱ्या स्प्रे चेंबरकडे कुणालाही फिरकू दिलं नाही. साचलेल्या पाण्यावर पोलाद पडलं तर स्फोट होतो.

मोल्डची तांब्याची ट्यूब काढल्यावर आत रिकामं कवच अडकलेलं मिळालं. आडवं कापून मोजलं: बाजूंच्या मध्यावर ९ मिलिमीटर, कोपऱ्यालगत जेमतेम ४. ट्यूबच्या एका बाजूला बाहेरून पांढरा क्षार. बोअरचं जड पाणी! क्षाराचा पातळ थरही तांब्याला तापवतो, ट्यूब वाकते, टेपर (खाली अरुंद होत जाणारा उतार) जातो. मग आकसलेला कोपरा भिंत सोडतो आणि तिथलं कवच वाढतच नाही. त्यात टंडिशमधलं पोलाद द्रवणबिंदूच्या ५० अंश वर, २५-३० पुरतात. खरं तर इशारा आधीच मिळत होता: त्या स्ट्रँडच्या बिलेटच्या दोन कर्णांतला फरक ७ मिलिमीटरवर गेला होता आणि लॉगबुकात तो नुसताच लिहिला जात होता.

आता मोल्डला सॉफ्टनरचंच (जडपणा काढलेलं) पाणी, ट्यूबभोवती सेकंदाला किमान १० मीटर वेगाने. कर्णफरक ४ च्या वर गेला की वेग उतरवायचा, विचारत बसायचं नाही. सध्या ३.६ वर चालतं. मिलपासून लांबच्या स्ट्रँडचे कोपरे तेवढे काळवंडतात. इंडक्शन हीटरने ते भागेल, पण विजेचं बिल पाहता आधी रोलर टेबलावर झाकणं टाकतोय.